आणि नाही जमलं तर?

हात पुढे करा. ओलं, जड पोतं उजवीकडून तुमच्या हातांत येतं. छातीशी धरून तुम्ही ते डावीकडच्या माणसाकडे सरकवता, तोवर दुसरं येतं. पाऊस सरळ तोंडावर. पायाखालचा भराव मऊ होत चालला आहे, हे डोळ्यांआधी तळव्यांना कळतं. ११ जुलै १९६१ ची रात्र आहे आणि तुम्ही पानशेतच्या धरणावर उभे आहात. इथून चाळीसेक किलोमीटरवर पुणं झोपलं आहे.

तुमच्या दोन्ही अंगांना लष्कराचे जवान आहेत. बोलत कुणी नाही, पोत्याबरोबर फक्त हुंकार पुढे जातो. एका बाजूला आंबी नदीचं अडवलेलं पाणी आहे. अंधारात ते दिसत नाही, भरावाला लागून त्याची चुळचुळ ऐकू येते. मघाशी हा आवाज खालून येत होता, आता जवळून येतो. धरणाच्या मधल्या भागात माथा खचला आहे. तेवढाच तुकडा पोत्यांनी उंच करायचा, पाणी माथ्यावरून जाऊ द्यायचं नाही, एवढंच आजच्या रात्रीचं काम.

थोडं मागे या आणि नीट पाहा. हे धरण अजून पुरं झालेलं नाही. ठरल्याप्रमाणे त्याला आणखी एक वर्ष मिळायचं होतं. पण पाण्याची निकड होती, एक पावसाळा वाया का घालवायचा असा विचार झाला आणि याच वर्षी पाणी अडवायचं ठरलं. निकड खोटी नव्हती. वाढत्या शहराला पाणी हवं होतं, खालच्या शेतीला हवं होतं. भराव वेगाने वर चढला. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणारी मोरी मात्र त्या वेगाला पुरली नाही. तिचे दरवाजे पुरते बसलेले नव्हते. अर्धवट लटकत्या दरवाजांखालून पाणी कोंडत, उसळत, आतल्या आत धडका देत जात होतं. त्या मोरीवरचाच भराव खचला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळला की तळं कामाच्या वेळापत्रकाला न विचारता भरत गेलं.

वेळापत्रकात सगळं होतं. माती कधी, दगड कधी, पाणी कधी. हे जमलं नाही तर खालच्या गावांना कोण उठवणार, याची ओळ त्यात नव्हती. मला या सगळ्या कहाणीत तीच रिकामी जागा दिसत राहते.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. म्हणून तुम्ही शेजारच्या जवानाचा दंड धरून सांगू पाहाल, की बाबा, पोती राहू दे, कुणीतरी गाडी काढा आणि नदीकाठ रिकामा करा. तुमचा आवाज त्याला ऐकू जाणार नाही. तो तुमच्याकडे पुढचं पोतं सरकवील. घ्या ते. तो पहाटेपर्यंत थांबणार नाही.

बुधवार उजाडतो. सात वाजतात. पोत्यांच्या फटीतून एक तांबूस धार पलीकडे उतरते, मनगटाएवढी. कुणीतरी ओरडतं आणि सगळे मागे हटतात. मातीचं धरण कोसळत नाही, ते विरघळतं. धार मांडीएवढी होते, खांबाएवढी होते, तिच्या दोन्ही काठांची माती ढासळत तिच्यातच जाते. मग धार कुठली आणि धरण कुठलं हे सांगता येत नाही. खाली खोऱ्यात आवाज घुमतो.

आता तुम्हाला पाण्याच्या पुढे पळायचं आहे. चला खाली, खडकवासल्याच्या धरणाकडे.

हे धरण वेगळं. दगडी बांधकामाचं, इंग्रजी अमदानीत १८७९ च्या सुमाराला उभं राहिलेलं, ऐंशी वर्षांचं म्हातारं. पानशेतचं सगळं तळं त्याच्या अंगावर येतं. पाणी माथ्यापर्यंत चढतं, माथा ओलांडतं, आणि अख्ख्या लांबीवरून पडदा सोडल्यासारखं पलीकडे पडू लागतं. असल्या पाण्यासाठी ते बांधलेलं नाही. तरी ते उभं राहतं. नऊ वाजतात, दहा वाजतात, अकरा वाजतात. ते तास मोजा. आज कुणाच्याही आराखड्यात नसलेली एकच गोष्ट पुण्याच्या बाजूने घडते आहे, ती ही. हा दगडी म्हातारा लगेच पडला असता, तर सगळं पाणी एका लोंढ्यात शहरावर गेलं असतं. दुपारी तोही मधोमध फुटतो. पण तोवर त्याने लोकांना सकाळ मिळवून दिली आहे.

त्या सकाळी तुम्ही नारायण पेठेतल्या एका वाड्यात शिरता. मधला चौक, चौकात आड, सागवानी खांब, शेणाने सारवलेली ओसरी. स्टोव्हचा फरफर आवाज येतो आहे. पोरं शाळेच्या तयारीत. दिंडी दरवाजातून एक पोरगा सायकल आत ढकलत ओरडतो, "काका, पानशेत फुटलं म्हणतायत!"

काका दाढी करता करता आरशातूनच विचारतात, "कोण म्हणतंय?"

"सगळेच."

"नदीला पाणी दरवर्षी येतं रे. पुलाला लागतं नि उतरतं."

काकांना नावं ठेवू नका. त्यांच्या आयुष्यातल्या प्रत्येक पावसाळ्याने त्यांना हेच शिकवलं आहे. रात्री शहराला कुणी उठवलं नाही. सकाळी काठच्या काही वस्त्यांतून पोलिस ओरडत फिरले, पण ओरडणाऱ्यालाही कुठवर पाणी येईल हे सांगता येत नव्हतं. तिकडे नदीवरच्या लकडी पुलाच्या तोंडाशी माणसं पूर बघायला जमली आहेत. छत्र्या आहेत, खांद्यावर पोरं आहेत. पुण्यात पूर बघायला जायची रीतच आहे.

मग चौकातल्या मोरीतून पाणी उलटं वर येतं. रस्त्यावरून नव्हे, घराच्या आतून. आजी पहिल्यांदा उठते. "सूनबाई, देव घे. तांदळाचा डबा घे. बाकी राहू दे." वरच्या मजल्यावर जायचं की वाडा सोडायचा, यावर दोन भाऊ भांडतात. थोरला म्हणतो वर चला, धाकटा म्हणतो भिंती मातीच्या आहेत दादा, भिजल्या की बसतील. धाकटा बरोबर आहे. त्याचं ऐका. आजीला पाठुंगळी घ्या आणि लक्ष्मी रस्त्याच्या चढाकडे निघा.

दुपारी जिथे उभं राहून तुम्ही मागे वळता, तिथून दिसतं ते असं. लकडी पूल नाही. नवा पूल नाही. ओंकारेश्वराचं देऊळ पाण्यात. पुलाच्या वाडीच्या जागी नुसता तांबडा प्रवाह, आणि त्यावरून पत्रे, लाकडी वासे, कडब्याच्या गंजी, एक अख्खं छप्पर. शनिवार, कसबा, मंगळवार, सोमवार, एकेका पेठेची खालची अंगं बुडत जातात. माणसं गच्च्यांवर आहेत, आणि ज्यांच्या गच्च्या उरल्या ती दोर टाकून ज्यांच्या उरल्या नाहीत त्यांना ओढून घेत आहेत. या कामाचा हुकूम कुणी कुणाला दिलेला नाही.

संध्याकाळी पाणी उतरू लागतं, आणि तेव्हा खरी पडझड सुरू होते. पाण्याने धरून ठेवलेल्या भिंती पाणी गेल्यावर बसतात. धप्प. थोड्या वेळाने पलीकडच्या बोळात धप्प. ही अमावस्येची रात्र आहे आणि शहरात वीज नाही. इतका काळोख पुण्याने कित्येक वर्षांत पाहिलेला नसेल. कंदील घेऊन माणसं नावं घेत फिरतात. हाक आली की थांबतात, नाही आली की पुढे जातात.

सकाळी वाड्यावर परत या. चिखल गुडघ्याएवढा, गुळगुळीत, आंबूस वासाचा. कणगीतली ज्वारी फुगून कणगी फुटली आहे. शेजारच्या छापखान्यात कागदाची रिमं फुगून भिंतीला टेकली आहेत, शिशाचे खिळे घरं सोडून चिखलात विखुरले आहेत. मालक खाली बसून एकेक खिळा उचलून धोतराच्या सोग्याला पुसतो आहे. त्याला थांबवू नका. काही वेळ माणसाला हातात काम लागतं.

आणि प्यायला पाणी नाही. शहर बुडवून गेलेल्या पाण्याबरोबर शहराचं पाणीही गेलं, कारण नळाला येणारं पाणी खडकवासल्याचंच होतं. आता आठवण होते वाड्यांतल्या आडांची आणि पेशवाईतल्या हौदांची, ज्यांत कात्रजच्या तळ्याचं पाणी खापरी नळांतून येई. घागरी घेऊन रांगा लागतात. बायका कोरड्या पेठांतून आलेल्या भाकरींची चळत वाटून देतात, आणि कुणाचं घर कुठलं हे कुणी विचारत नाही. मधेच आरोळी उठते, "पाणी आलं! पळा!" आणि सगळी गर्दी घागरी टाकून पर्वतीच्या टेकडीच्या दिशेने धावते. पाणी आलेलं नसतं. पण ज्यांना काल कुणी सांगितलं नाही, ते आज कुणीही सांगितलं तरी पळणार.

पुढचं भराभर पाहा. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण येतात. पुनर्वसनाचं काम पूर्वी पुण्याचे महापालिका आयुक्त राहिलेल्या स. गो. बर्वे यांच्याकडे जातं. नदीकाठची माणसं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्यांत जातात, कित्येक कुटुंबं अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटांत. पुण्याच्या पत्त्यांत 'पूरग्रस्त वसाहत' हे शब्द येतात ते तेव्हापासून. चौकशी आयोग बसतो, आधी न्यायमूर्ती बावडेकर, त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक. दोन्ही धरणं पुन्हा बांधली जातात. आज पुण्यात तुम्ही नळ सोडता तेव्हा हातावर येणाऱ्या पाण्यात पुष्कळदा त्याच दोन धरणांचं पाणीही असतं. जुन्या पेठांतल्या काही भिंतींवर पूररेषेची खूण अजून आहे. तिच्याखाली उभे राहून हात वर करा. पुष्कळ ठिकाणी तो पोचत नाही.

आता परत आपल्या काळात या. वाटेत एक मुक्काम आहे, तो टाळता येणार नाही. २ जुलै २०१९ ची रात्र, चिपळूण तालुक्यातलं तिवरे. तिथेही मातीचं धरण, तिथेही जुलैचा पाऊस. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली. धरण रात्री फुटतं. तिवऱ्याच्या लोकांना खडकवासल्याने दिली तशी सकाळ मिळत नाही.

२०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला. त्याप्रमाणे, कायद्यात बसणाऱ्या प्रत्येक धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा तयार करणं मालकावर बंधनकारक आहे. धरण फुटलं तर पाणी कुठवर येईल, किती वेळात येईल, कुणाला कसं कळवायचं, हे सगळं त्यात असायला हवं. पानशेतच्या वेळापत्रकात नव्हती ती ओळ हीच.

तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला कुठलं धरण आहे ते शोधून काढा. पाटबंधारे खात्याच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जा आणि त्या धरणाचा आराखडा दाखवा म्हणा. नसेल, तर नाही असं लेखी मागा. आणि जे कळेल ते आळीत सांगा, आजीला आधी सांगा.