तळटीप : सीबिस्किट
सीबिस्किट : 2003 सालचा अमेरिकी चित्रपट, दिग्दर्शक गॅरी रॉस, आधार लॉरा हिलेनब्रँड यांचे पुस्तक. महामंदीत माणसे कामाला मोताद झाली असताना सीबिस्किट हा बुटका, बेढब गुडघ्यांचा घोडा लोकांचा लाडका झाला. 1 नोव्हेंबर 1938 रोजी त्याने वॉर ॲडमिरल या घोड्याला चार लांबींनी हरवले. शर्यतीचे वर्णन लाखोंनी रेडिओवर ऐकले. नेहमीचा जॉकी रेड पोलार्ड तेव्हा पाय मोडून पडला होता, घोड्यावर होता जॉर्ज वुल्फ. चित्रपट अंमळ गोडच आहे. पुस्तक आधी वाचावे. आपल्याकडे मुंबईत अशा शर्यतींचे महालक्ष्मीचे रेसकोर्स पश्चिम रेल्वेमार्गावर. तेथील इंडियन डर्बी 1943 साली, ऐन युद्धटंचाईत सुरू झाली.