‘रिटर्न ऑफ द जेडाय’चे पाठभेद

जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला तिसरा चित्रपट ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ २५ मे १९८३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. मी तो बराच उशिरा, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. शेवटी रात्रीच्या जंगलात नायक ल्यूकला तीन मृतात्मे दिसतात. त्यांतला एक त्याचा बाप. आयुष्यभर डार्थ व्हेडर या नावाने काळ्या मुखवट्यामागे वावरलेला हा माणूस आता म्हातारा, थकलेला, पण शांत दिसतो. तो चेहरा माझ्या मनात राहिला. पुढे अनेक वर्षांनी डीव्हीडी लावली, तर त्याच जागी एक तरुण उभा! आधी वाटले, आपलीच आठवण दगा देते आहे. शोध घेतला तेव्हा कळले की आठवण बरोबर होती, चित्रपटच बदलला होता.

या चित्रपटाबद्दल चाहत्यांचे मत पहिल्यापासून दुभंगलेले आहे. पहिल्या चित्रपटात ‘डेथ स्टार’ नावाचा महाकाय तळ उद्ध्वस्त होतो. तिसऱ्यात पुन्हा तसाच तळ आणि पुन्हा तसाच विध्वंस. दुसरी तक्रार इवॉक या केसाळ, बुटक्या वनवासींची. दगडधोंडे आणि ओंडके वापरून ते सम्राटाच्या सुसज्ज सैन्याला हरवतात. आपल्यासमोर व्हिएतनामचे युद्ध होते, असे लुकास यांनी सांगितले आहे. प्रेक्षकांना मात्र खेळण्यांचे दुकान आठवले. तिसरी गोष्ट हान सोलोची. या पात्राचा मृत्यू व्हावा, असे खुद्द हॅरिसन फोर्ड यांचे म्हणणे होते. लुकास यांनी ते मानले नाही. परिणामी सोलो जिवंत राहतो, पण त्याला करण्यासारखे फारसे उरत नाही.

असे असूनही हा चित्रपट टाकून देता येत नाही, तो सम्राटाच्या दालनातल्या प्रसंगामुळे. बापाला पराभूत केल्यावर ल्यूक शस्त्र फेकून देतो आणि त्याला मारायला नकार देतो. सम्राट मुलाचा छळ मांडतो. व्हेडर एकदा मुलाकडे, एकदा सम्राटाकडे पाहतो आणि एक शब्दही न बोलता सम्राटाला उचलून खोल गर्तेत भिरकावतो. मुखवट्यावर भाव उमटणे शक्यच नाही, तरी आतली घालमेल आपल्याला दिसते. व्हेडरचे शरीर मुख्यतः डेव्हिड प्राउझ यांचे, आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा आणि मुखवटा उतरल्यावर दिसणारा चेहरा सेबास्टियन शॉ या वृद्ध ब्रिटिश नटाचा.

पोथ्यांच्या अभ्यासकाला परिचित असलेला प्रश्न इथे उभा राहतो: आपण नेमका कोणता पाठ वाचतो आहोत? १९९७च्या विशेष आवृत्तीत शेवटचे इवॉकांचे गाणे काढून जॉन विल्यम्स यांचे नवे संगीत घातले. २००४च्या डीव्हीडीत मृतात्म्याच्या जागी शॉ यांच्याऐवजी हेडन ख्रिस्तेन्सेन आले. नंतरच्या चित्रपटांत व्हेडरचे तरुणपण त्यांनी रंगवले होते. शॉ १९९४मध्येच वारले होते. २०११च्या ब्लू-रे आवृत्तीत तर व्हेडर सम्राटाला उचलताना ‘नाही!’ असे ओरडू लागला. ज्या मौनासाठी चाहत्याने इवॉकही सहन केले, नेमक्या त्या मौनातच हा प्रक्षेप झाला.

१९८८मध्ये लुकास यांनी अमेरिकन काँग्रेससमोर जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवण्याविरुद्ध साक्ष दिली होती. रोख हक्कधारक कंपन्यांवर होता, मूळ कर्त्यांवर नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. लेखक आपल्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढतोच. पण तेव्हा जुनी आवृत्ती ग्रंथालयात राहते. इथे २००६मध्ये मूळ पाठ डीव्हीडीवर आला तो पुरवणी म्हणून, आणि त्यासाठी १९९३च्या लेझरडिस्कची जुनी प्रत वापरलेली. मग चाहत्यांनीच चित्रपटगृहांतल्या ३५ मिमी फिल्म मिळवून त्यांवरून मूळ पाठ पुन्हा उभा करण्याचा खटाटोप केला. ज्यांना आपण कुरकुरे म्हणतो, त्यांनीच दप्तर सांभाळले.

२०२१मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला. माझे मत आजही संमिश्रच आहे. इवॉक मला खटकतात. शेवटचे नवे संगीत मात्र जुन्या गाण्यापेक्षा आवडते, म्हणजे प्रत्येक बदल वाईटच, असे मी म्हणणार नाही. पण मुलाने ज्याचा मुखवटा स्वतःच्या हातांनी उतरवला, तो माणूस म्हातारा होता. मुलाला ओळखीचा तोच एक चेहरा होता. शेवटी त्याच्यासमोर एक अनोळखी तरुण उभा राहतो, आणि तो त्याच्याकडे पाहून हसतो.