हात न लावता नाडी

ऑक्टोबर १८९६. मुंबईत प्लेग. आजारी माणसांना जबरदस्तीने हॉस्पिटलात नेतात, या रागाने हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. तेच आजचं आपलं कस्तुरबा. २०२० मध्ये कोविडचे पेशंटही तिथेच. तेव्हा तर डॉक्टरलाही हात लावायची धास्ती.

आता कॅमेऱ्यातून नाडी मोजता येते. दर ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीत रक्त वाढतं, हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो. डोळ्याला न दिसणारा हा फरक कॅमेरा टिपतो. साध्या कॅमेऱ्याने हे जमतं, असं २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. सावळ्या कातडीवर मात्र सिग्नल कमजोर पडतो.

लालबागच्या चाळीतली आजी जिने न उतरता डॉक्टरला दिसेल, चांगलंच आहे. पण १८९६ मध्ये हात पडला की माणसाला कळायचं तरी. कॅमेऱ्याचं कळणारही नाही. म्हणून आधी आजीला विचारा, मग मोजा.