टोपी, टाय आणि अकरावे वर्ष

इंग्लंडमधल्या ग्रामर स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी मी बरीच वर्षे वाचतो आहे. आत्मचरित्रे, शाळांच्या शताब्दीच्या स्मरणिका, माजी विद्यार्थी संघांची वार्षिके, मिळेल ते. या लेखनात दोन गोष्टी हमखास भेटतात : गणवेश आणि शिक्षक. गणित काय शिकवले, लॅटिनचे कोणते धडे झाले, हे पुसट झालेले असते. टोपीचा रंग, टायवरचे पट्टे, काळा गाऊन फलकारत येणारे मास्तर आणि त्यांचे टोपणनाव मात्र पन्नास वर्षांनंतरही जसेच्या तसे. सुरुवातीला मला हा स्मरणरंजनाचा भाग वाटे. वाचन वाढले तसे लक्षात आले, की या दोन गोष्टींभोवती एका समाजाच्या वर्गभेदाचा इतिहास गुंडाळलेला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘ग्रामर’ म्हणजे इथे लॅटिनचे व्याकरण. ते शिकवणाऱ्या शाळा इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून होत्या. विसाव्या शतकात त्यांपैकी कित्येक सरकारी मदतीवर चालू लागल्या, तरी बहुतेक मुलांना फी पडे. हुशार गरिबांसाठी काही जागा राखीव असत. १९४४च्या शिक्षण कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतली फी रद्द केली. आता प्रवेश पैशावर नव्हे, परीक्षेवर. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी अंकगणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन अशा प्रश्नपत्रिका असत. हीच ती ‘इलेव्हन प्लस’. साधारण चार-पाच मुलांत एक ग्रामर स्कूलमध्ये जाई. उरलेली बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेत. हे प्रमाण जिल्ह्याजिल्ह्यात बदले, कारण ते तिथल्या जागांवर ठरे. मुलींच्या शाळा कमी, म्हणून काही ठिकाणी मुलींना मुलांपेक्षा जास्त गुण मिळवावे लागत.

आपल्याकडे चौथीची स्कॉलरशिप होती. तिचे जादा तास, निकालाची धाकधूक सारे होते. पण स्कॉलरशिप न मिळालेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर शेजारी बसत असे. इंग्लंडमध्ये निकालानंतर बाकच बदलत होता. सप्टेंबर उजाडला की एकाच गल्लीतली मुले दोन दिशांना चालू लागत, आणि कोण कुठे चालला हे अंगावरच्या कपड्यांवरून दुरूनही ओळखू येई.

म्हणून गणवेशाची आठवण इतकी ठसठशीत. ब्लेझरच्या खिशावर शाळेचे चिन्ह आणि लॅटिन बोधवाक्य. मुलांना टोपी, मुलींना जिमस्लिप, हिवाळ्यात फेल्टची आणि उन्हाळ्यात गवती हॅट. हे सारे ठरवून दिलेल्या दुकानातूनच घ्यायचे. कायदा झाला तेव्हा इंग्लंडात कपड्यांचे रेशनिंग चालू होते. ते १९४१मध्ये सुरू झाले आणि १९४९च्या मार्चमध्ये उठले. तोवर पैशांबरोबर कुपनेही लागत. घरातल्या थोरांची कुपने खर्ची पडत. आपण ज्याला ‘वाढत्या अंगाचे’ म्हणतो तसे दोन मापे मोठे ब्लेझर घेतले जाई, आणि आई प्रत्येक कपड्यावर विणलेल्या नावाची पट्टी शिवत बसे. फी माफ झाली होती. पण गणवेशाचा खर्च घरच्यांनाच पेलावा लागे. परीक्षा उत्तीर्ण होऊनही तो झेपत नाही म्हणून जागा सोडून दिल्याच्या हकिकती मौखिक इतिहासांत सापडतात.

गणवेशाने सगळी मुले सारखी दिसतात, असे शाळा सांगत. शाळेच्या फाटकाच्या आत ते काही अंशी खरे होते. फाटकाबाहेर तोच गणवेश मुलाला त्याच्या गल्लीपासून वेगळा पाडत होता. कामगार वस्तीतून टोपी घालून जाताना ती हिसकावली जाणे हा या आठवणींतला नेहमीचा प्रसंग. टोपी खिशात लपवावी, तर बसमध्ये वरच्या वर्गाचा मॉनिटर पाहील आणि शिक्षा होईल. मुलगा दोन्हीकडून कोंडीत.

या कोंडीचे पहिले मोठे विश्लेषण रिचर्ड हॉगर्ट यांनी १९५७च्या ‘द युझेस ऑफ लिटरसी’ या ग्रंथात केले. हॉगर्ट लीड्सचे, आईवडील लहानपणीच वारलेले, हन्सलेट या कामगार वस्तीत आजीने वाढवलेले. ‘स्कॉलरशिप बॉय’वर त्यांनी लिहिलेली पाने आजही अस्वस्थ करतात. एकाच ऊबदार खोलीत इस्त्री चालली आहे, रेडिओ चालू आहे, आणि कोपऱ्यात मुलगा अभ्यास करतो आहे. तो घरात आहे आणि नाहीही.

१९६२मध्ये ब्रायन जॅक्सन आणि डेनिस मार्सडेन यांनी ‘एज्युकेशन अँड द वर्किंग क्लास’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रामर स्कूल शेवटपर्यंत पार केलेल्या, कामगार घरांतल्या ८८ जणांना त्यांनी गाठले. शहराचे नाव पुस्तकात बदललेले आहे. ते शहर म्हणजे हडर्सफील्ड. दोघे लेखक स्वतः त्याच शहरातल्या कामगार घरांतून, त्याच वाटेने आलेले. त्यांना आढळले, की या ८८ जणांतला मोठा गट पुन्हा शिक्षकच झाला होता, आणि ज्या व्यवस्थेने त्यांना घरापासून तोडले तिचेच बहुतेक जण समर्थन करत होते.

इथे शिक्षकांकडे वळायला हवे. मास्तरांचा काळा गाऊन हासुद्धा गणवेशच होता. तो विद्यापीठाच्या पदवीची खूण होता. सेकंडरी मॉडर्नमधले बरेच शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयातून आलेले, पदवी नसलेले. तिथे गाऊनचा प्रश्नच नव्हता. म्हणजे मुलांप्रमाणे गुरुजनांचीही विभागणी झालेली होती. आठवणींतले गाऊनधारी मास्तर खडूने पांढरे झालेले, तऱ्हेवाईक, डस्टर फेकून मारणारे आणि तरीही प्रिय असतात. छडीचे वर्णन बहुधा विनोदाने येते. इंग्लंडच्या सरकारी शाळांतून छडी कायद्याने गेली ती १९८७मध्ये. पण आठवणी लिहिणारा तिला कडू म्हणत नाही. यशस्वी माणसाला भूतकाळातला मार स्वस्त वाटतो.

प्रत्येकालाच नाही. कवी टोनी हॅरिसन हे लीड्सच्या बेकरी कामगाराचे चिरंजीव. शिष्यवृत्तीवर लीड्स ग्रामर स्कूलमध्ये गेले. वर्गात कीट्सची कविता म्हणताना शिक्षकाने त्यांच्या उच्चारांची टिंगल करून त्यांना थांबवले. तो अपमान त्यांनी पुढे कवितेत आणला. उच्चार हा भाषेचा गणवेश. तो दुकानात मिळत नव्हता, आणि आईला शिवूनही देता येत नव्हता.

मुलींच्या शाळांच्या आठवणींत ‘मिस’ असतात : अविवाहित, ट्वीडच्या स्कर्टमधल्या, शिस्तीच्या पक्क्या. मुलींनी त्यांच्या अविवाहित असण्याच्या दंतकथा रचल्या. त्यामागे अगदी रुक्ष असा नियम होता. लग्न झालेल्या शिक्षिकेला नोकरीवरून काढण्याची प्रथा अनेक स्थानिक संस्थांत होती. ती देशभर बंद केली १९४४च्याच कायद्याने. १९५०च्या दशकात वरच्या वर्गांना शिकवणाऱ्या कित्येक बाईंनी तरुणपणी संसार किंवा फळा यांतले एकच निवडलेले होते. मेरी इव्हान्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या मुलींच्या ग्रामर स्कूलवर ‘अ गुड स्कूल’ हे पुस्तक १९९१मध्ये लिहिले. तोवर शिष्या स्वतः प्राध्यापक झाली होती. बाईंच्या आयुष्याचा अर्थ लागायला बहुधा तेवढा काळ जावा लागतो.

हे सर्व वाचताना एक प्रश्न मला सोडेना. हे लिहिणारे कोण? हॉगर्ट, हॅरिसन, इव्हान्स, जॅक्सन, मार्सडेन : सगळे त्या चार-पाचांतले एक. उरलेल्यांच्या शाळांना जुनी बोधवाक्ये नव्हती, स्मरणिका नव्हत्या, अनेकदा माजी विद्यार्थी संघही नव्हते. म्हणजे इलेव्हन प्लसने मुलांचीच निवड केली असे नाही. पुढे आठवणी कोण लिहील, याचीही केली.

याचे मला सापडलेले सर्वांत बोलके उदाहरण दोन भावांचे आहे. यॉर्कशरमधल्या हॉयलँड कॉमन या खाण-गावातले बॅरी आणि रिचर्ड हाइन्स. थोरला बॅरी ग्रामर स्कूलमध्ये गेला, शिक्षक झाला, लेखक झाला. धाकटा रिचर्ड इलेव्हन प्लस नापास झाला आणि सेकंडरी मॉडर्नमध्ये गेला. त्याने ससाण्याच्या जातीचे केस्ट्रेल पक्षी पाळले, त्यांना शिकवले. १९६८मध्ये बॅरी यांची ‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’ ही कादंबरी आली : शाळेने टाकून दिलेला बिली आणि त्याचा पक्षी. पुढच्या वर्षी केन लोच यांनी तिच्यावर ‘केस’ हा चित्रपट केला आणि त्यातले पक्षी रिचर्ड यांनी तयार केले. खेळाच्या तासाला बिलीकडे कपडे नाहीत, म्हणून मास्तर त्याला भल्यामोठ्या चड्डीत मैदानावर उभे करतात आणि सारे हसतात. ग्रामर स्कूलच्या स्मरणिकांत गणवेशाची इतकी पाने आहेत. गणवेश नसलेल्या मुलाचे हे दृश्य त्या सगळ्यांना उत्तर देते. पण तेही लिहिले परीक्षा उत्तीर्ण झालेल्या भावाने. नापास झालेल्या भावाने स्वतःची आठवण लिहिली ती २०१६मध्ये, ‘नो वे बट जेंटलनेस’ या पुस्तकात. तोवर त्यांनी माहितीपट केले होते, विद्यापीठात शिकवले होते. तरी अकराव्या वर्षीची लाज त्यात ताजी आहे.

१९६५मध्ये मजूर सरकारचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी सर्वांसाठी एकच शाळा, अशा योजना आखण्याचे परिपत्रक काढले. १९७०नंतर शिक्षणमंत्री झालेल्या मार्गारेट थॅचर स्वतः ग्रामर स्कूलच्या विद्यार्थिनी. त्यांनी ते परिपत्रक मागे घेतले, पण त्यांच्याच कारकिर्दीत शेकडो शाळांच्या रूपांतराला मंजुरी मिळाली. शिखरावर सुमारे १३०० असलेल्या या शाळांपैकी इंग्लंडमध्ये आज १६३ उरल्या आहेत.

त्यांतल्या काही केंट, बकिंगहॅमशर आणि स्लाव या भागांत आहेत, जिथे आता भारतीय कुटुंबे, त्यांत मराठीही, मोठ्या हौसेने मुलांना इलेव्हन प्लसच्या शिकवणीला घालतात. सप्टेंबरात नव्या ब्लेझरमधल्या मुलाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतो आणि सगळे अभिनंदन करतात. मीही करतो. मुलाने मेहनत केलेली असते. मात्र त्या फोटोत नसलेला, त्याच वर्गातला दुसरा मुलगा मला आता दिसू लागला आहे. त्याची आठवण कोणी लिहून ठेवेल का, ठाऊक नाही. निदान विचारणारा कोणी असावा.