झाड उतरवणारी माणसे

तळेऱ्याला चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. मुंबई-गोवा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो. पूर्वेला वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा करत कोल्हापूरचा रस्ता चढतो आणि पश्चिमेला विजयदुर्गाचा. सकाळी इथे चहाला थांबलात तर टेम्पोत नायलॉनचे दोर, कोयते, पेट्रोलचा कॅन आणि गोणपाटात गुंडाळलेला कटर घेऊन बसलेली चार-पाच माणसे हमखास दिसतात. इंग्रजीत या धंद्यातल्या माणसाला झाडाचा सर्जन म्हणतात. आपल्याकडे नुसते ‘कटरवाले’.

त्यांच्याबद्दल लिहिण्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे. 2014 साली आमच्या परसातल्या रायवळ आंब्याची एक जाड फांदी कौलांवर येत होती. कटरवाला आला. तो फांदी बुंध्यापासून थोडी बाहेर, जिथे ती फुगीर होते तिथे कापणार होता. मला ते दिसायला वाईट वाटले. म्हटले, बुंध्याला लागून साफ काप आणि वर डांबर फास, अब्बा तसेच करायचे. तो म्हणाला, “चाचा, मान ठेवूक व्हयी.” मी ऐकले नाही. पैसे माझे, झाड माझे. त्याने मुकाट्याने तसे केले.

झाड कोणाचे आणि हुकूम कोणाचा, हा प्रश्न आमच्या या रस्त्याला नवा नाही. घाट चढून गेलात की बावडा लागतो, पंत अमात्यांच्या जहागिरीचे गाव. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले आज्ञापत्र 1715 च्या सुमाराचे. आरमाराच्या प्रकरणात त्यात लाकडाबद्दल जे सांगितले आहे ते मराठी माणसाला शाळेपासून ऐकून ठाऊक असते, पण नीट वाचावे असे आहे. सागासारखे लाकूड हुजूरची परवानगी घेऊन आपल्या रानातून तोडावे, कमी पडले तर बाहेरून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही गलबतांच्या कामाचे, पण त्याला हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे, जबरदस्ती करू नये.

हे वाचताना मला पहिले खलिफा हजरत अबू बकर आठवतात. शामकडे निघालेल्या फौजेला त्यांनी ज्या सूचना दिल्या, त्यांत फळझाडे तोडू नका अशी एक होती. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये ती नोंदलेली आहे. हजार वर्षांचे अंतर असलेल्या दोन राज्यकर्त्यांना एकच गोष्ट सुचते, कारण फळझाड मारले की माणसाच्या आयुष्यातली पंधरा-वीस वर्षे जातात हे दोघांनाही दिसत होते. (ज्या आरमारासाठी एवढी काळजी, त्यातली आंग्र्यांची गलबते फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात विजयदुर्गाखाली जळाली. कितीतरी वर्षांचा साग त्यात गेला.)

पुढे कायदे झाले. महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा 1964 चा. त्याच्या यादीत आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे आहेत आणि ती तोडायला परवानगी लागते. ते योग्यच आहे. पण आज्ञापत्रात काय आणि कायद्यात काय, झाड आहे, धनी आहे, सरकार आहे. कुऱ्हाड धरणारा नाही. नारळावर चढणाऱ्या पाडेल्यासाठी निदान नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा ही विमा योजना आहे. वडा-आंब्यावर कटर घेऊन चढणाऱ्यासाठी तसे काही माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आणि त्याची विद्या साधी नाही. झाड ज्या बाजूला पाडायचे तिकडे आधी खाच घ्यायची. मग मागून, थोडे वर, कापत यायचे, पण आरपार नाही. मध्ये लाकडाची एक पट्टी राखायची. तीच बिजागरी, झाड तिच्यावर वळून पडते. ती कापली की झाड कुणाचे ऐकत नाही. घरालगतचे झाड तर पाडायचेच नसते, शेंड्याकडून फांदी फांदी दोराने उतरवायचे असते. जड फांदीला आधी खालून छेद द्यायचा, नाहीतर ती मोडताना बुंध्याची साल ओरबाडून नेते. कटरच्या पट्टीचे टोक लाकडाला टेकले की यंत्र उसळून तोंडाकडे येते. दर थोड्या वेळाने साखळीचे दात कानशीने घासावे लागतात. पूर्वी हे सारे कुऱ्हाड, करवत आणि काथ्याच्या दोरावर चालायचे. गंमत म्हणजे दातेरी साखळी फिरवून कापायची कल्पना आधी खऱ्या सर्जनांच्या हातात होती. जर्मनीत 1830 च्या सुमारास बर्नहार्ड हाईने याने हाडे कापायला तसे हत्यार केले होते. लाकडासाठी आंद्रेआस श्टील याने 1926 मध्ये केलेला विजेवरचा कटर 48 किलोचा होता, दोघांनी धरायचा. आजचा एकट्याला पेलतो, म्हणून तर तो घेऊन झाडावर चढता येते.

मानेची गोष्ट मला फार उशिरा कळली. ॲलेक्स शायगो हा अमेरिकेच्या वनखात्यातला शास्त्रज्ञ. त्याने हजारो झाडे कटरने उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिले. माणसाची जखम भरून येते तशी झाडाची येत नाही. झाड खराब भागाभोवती भिंत बांधते आणि वर नवे लाकूड चढवते. ती ताकद फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्यात असते. बुंध्याला लागून कापले की ते कडेच जाते. डांबराने कूज थांबत नाही. शायगोचे पुस्तक 1986 चे. आमच्या कटरवाल्याने ते पाहिले असण्याची शक्यता शून्य. त्याने झाडे पाहिली होती.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आले आणि आमचा आंबा घरावर कलला. मोडलेल्या जागी बुंधा पोकळ दिसत होता, पोकळी थेट त्या जुन्या कापापर्यंत गेलेली. तोच माणूस आला. गावोगावी रस्ते आणि विजेच्या तारा मोकळ्या करून त्याचे डोळे लाल झाले होते. कललेले झाड सर्वांत वाईट. एका बाजूचे लाकूड ताणलेले, दुसऱ्या बाजूचे दाबलेले. चुकीच्या बाजूने कापले तर पट्टी अडकते किंवा ओंडका फटकारतो. त्यात हे पोकळ, म्हणजे दोर बांधायला भरवशाची जागा नाही. माझ्या हुकमाने पोकळ झालेल्या झाडावर तो चढला. कमरेला दोर, पायांत रबरी चप्पल, डोक्यावर टॉवेल. मी खाली उभा राहून जमेल तेवढ्या दुवा पुटपुटत होतो. साडेचार तास लागले. तीन कौले फुटली, बाकी काही नाही.

खाली उतरल्यावर त्याने जुन्या कापावर हात फिरवला, माझ्याकडे पाहिले आणि पाणी मागितले. तेवढेच. मीच म्हणालो, माझी चूक. त्यावर तो म्हणाला, “जावंदे चाचा, आंबो म्हातारो झालेलो.” आंबा म्हातारा नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

महामार्ग चौपदरी झाला तेव्हा रस्त्याकडेची मोठी झाडे गेली. त्या कामावरही अशीच माणसे होती आणि त्यांच्यावर लोक चिडायचे, मीही चिडलो होतो. झाड पाडायचे की ठेवायचे हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

यंदा फणसाची एक फांदी पडवीवर येते आहे. त्याला निरोप पाठवला आहे आणि कोल्हापूरहून एक हेल्मेट व कमरेचा पट्टा मागवून ठेवला आहे. तो घालेल की नाही, सांगता येत नाही. फांदी कुठून कापायची ते त्याचे तो ठरवेल.