शीताकेचा प्रवास: ओंडक्यापासून इस्पितळापर्यंत

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उगवलेली अळंबी आपण सर्वांनीच पाहिली आहे. जपानमध्ये शीताके नावाची खाण्याची अळंबी मुद्दाम ओंडक्यांवर वाढवतात. ‘शी’ हे झाडाचे नाव. ‘ताके’ म्हणजे अळंबी. स्वयंपाकघरातली ही अळंबी कर्करोगाच्या इस्पितळात कशी पोहोचली, हे पाहण्यासारखे आहे.

१९६९ साली टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात गोरो चिहारा व सहकाऱ्यांनी शीताकेतील बहुशर्करांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एक लेंटिनान. सार्कोमा जातीच्या कर्कपेशी टोचलेल्या उंदरांना लेंटिनान दिले, तेव्हा बहुतेकांच्या गाठी विरल्या. पण लेंटिनान कर्कपेशींना थेट मारत नव्हते! मग गाठी विरल्या कशा? १९७१ साली धागा मिळाला. जन्मल्याबरोबर थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांत हा परिणाम फारसा दिसेना. थायमसमध्येच टी-पेशी तयार होतात. म्हणजे लढणारे शरीराचेच सैन्य होते. लेंटिनान केवळ हाकारा घालत होते. अशा बहुशर्करा बुरशीच्या पेशीभित्तिकेत असतात, आपल्या शरीरात नसतात. त्यांना ‘परके’ म्हणून ओळखणारा पांढऱ्या पेशींवरील ग्राहक, डेक्टिन-१, २००१ साली उमगला.

जपानने १९७७ साली दुसऱ्या एका अळंबीपासूनचे क्रेस्टिन आणि १९८५ साली लेंटिनान औषध म्हणून मान्य केले. १९८९ साली फेरतपासणी होऊन क्रेस्टिनचा वापर रसायनोपचाराच्या जोडीनेच करावा, असे ठरले. एकट्याने नव्हे!

पुढचे पुरावे संमिश्र आहेत. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या २६२ रुग्णांची पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. रसायनोपचारासोबत क्रेस्टिन घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के पाच वर्षांनी हयात होते. न घेणाऱ्यांपैकी ६० टक्के. उलट २०१६ साली, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या किंवा रोग उलटलेल्या ३०९ रुग्णांत, नुसत्या रसायनोपचाराने मध्यक आयुष्य १३.८ महिने आढळले आणि लेंटिनान जोडल्यावर ९.९ महिने. उंदरांतले यश माणसांत उतरतेच असे नाही.

आज अळंबीच्या भुकटीच्या कॅप्सूल ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून विकल्या जातात. लेंटिनान मात्र शुद्ध करून शिरेतून दिले जाई. कॅप्सूल म्हणजे ते औषध नव्हे, आणि तिच्या भरवशावर उपचार सोडणे जिवावर बेतू शकते. घेणाऱ्याने आधी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: २०१६ च्या पाहणीत लेंटिनान न घेणारा गट नसता, तर आपण कोणता निष्कर्ष काढला असता?