पाण्याचे अजीर्ण

इंदापूर तालुक्यातील आमच्या कळंब गावी पाण्याविषयीची तक्रार म्हटली म्हणजे ती पाळी चुकल्याची, पाणी कमी पडल्याची अथवा शेवटच्या वाफ्यापर्यंत पाट न पोहोचल्याची असावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. परंतु गेल्या वैशाखात आमच्या घरी जी तक्रार उपस्थित झाली ती निराळ्याच जातीची होती. बैठकीच्या खोलीत तिपाईवर एक काचेची पेटी आहे, दीड हात लांब आणि जेमतेम दोन घागरी पाणी मावेल एवढी. तिच्यात माझ्या नातीच्या हातून माशांच्या खाद्याचा अख्खा डबा उपडा झाला. मुलीला त्याचे वाईट वाटले नाही. ‘‘आबा, आता यांना महिनाभराची बेगमी झाली,’’ असे तिने मोठ्या समाधानाने सांगितले. सायंकाळपर्यंत त्या बेगमीचे कण फुगून तळाशी बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पाणी पातळ ताकासारखे पांढुरके झालेले, त्याला आंबूस वास सुटलेला आणि सगळे मासे पृष्ठभागापाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत असलेले. आमचे एक शेजारी पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी पेटीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, ‘‘आबा, हे तर पाण्याचं चोपणच झालं की!’’

त्या क्षणी मी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही, कारण हातात जाळी आणि रबरी नळी होती. परंतु नंतर विचार करता असे वाटू लागले की, माशांच्या पेटीविषयी या मुलखात इतके मर्मग्राही विधान दुसरे कोणी क्वचितच केले असेल. काचेतील पाणी अन्नाने बिघडणे आणि कालव्याखालील जमीन पाण्याने बिघडून चोपण होणे या दोन गोष्टींचा संबंध केवळ उपमेचा नाही. त्या दोहोंचे शास्त्र एकाच घराण्यात वाढलेले आहे.

माशांना खाऊ घालण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याची सत्ता महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर चालत होती, त्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण घातले असून त्यात माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांचा खुलासा केलेला आहे. तेथील खाऊ घालणे अर्थातच निर्हेतुक नव्हे, कारण पोसलेला मासा शेवटी गळालाच लागावयाचा. निर्हेतुक खाऊ घालण्याची परंपरा देवस्थानांच्या पाण्यावर वाढली. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत किंवा वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत; त्यांना कोणी धरीत नाही आणि भाविकांच्या हातचा घास त्यांना मिळत राहतो. या दोन्ही ठिकाणी पाणी नदीचे आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जे खाल्ले गेले नाही ते पावसाळ्यातील पूर घेऊन जातो, आणि पूर हा पाण्याचा सर्वांत जुना झाडूवाला होय. ज्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट अरुंद, तेथे हीच श्रद्धा अपायकारक ठरते. मुंबईतील वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपंधरवड्यात पिंड आणि अन्न सोडले जाते आणि त्यानंतर मेलेल्या माशांचा खच पाण्यावर तरंगत असल्याचे वृत्त अलीकडे एकाहून अधिक वेळा प्रसिद्ध झाले आहे. पितरांच्या नावाने टाकलेले अन्न कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते आणि जिवंतांना श्वास उरत नाही. तात्पर्य, माझ्या नातीने दोन घागरींत जे केले तेच तेथे मोठ्या तलावात घडते, आणि हेतूही दोन्हीकडे सारखाच निर्मळ असतो.

काचेच्या पेटीचा इतिहास मात्र आपला नव्हे, तो लंडनचा. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या एका रसायनज्ञाने १८५० मध्ये तेथील केमिकल सोसायटीपुढे एका पात्राची हकिकत सादर केली. त्या पात्रात त्याने दोन सोनमासे ठेवले होते आणि वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची लागवड केली होती, अशा अपेक्षेने की, वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा आणि पाणी बदलण्याची यातायात चुकावी. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि प्रयोग फसण्याच्या बेतात आला. तेव्हा त्याने त्यात पाणगोगलगाई सोडल्या, त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले. पेटीच्या इतिहासातील पहिली नोंदलेली सफाई म्हणावी ती हीच. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला, आणि इंग्लंडात बैठकीच्या खोलीत अशी पेटी असणे हे काही वर्षे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले गेले.

परंतु गोगलगाईने जे अन्न खाल्ले त्याचे पुढे काय होते? तिचे उत्सर्जन पाण्यातच राहते, माशांचेही राहते, त्यातून अमोनिया निर्माण होतो आणि अमोनिया हे माशांना विष आहे; असे असूनही पात्र जगते कसे, याचा उलगडा वॉरिंग्टनच्या हयातीत झाला नाही. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच संशोधकांनी वाळूने भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी सावकाश झिरपत ठेवले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर खाली गळणाऱ्या पाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, आणि जे गुंगीच्या औषधाने थांबते ते सजीवाचेच कार्य असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. याच सुमारास इंग्लंडातील रोथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रात शेतजमिनीच्या बाबतीत हाच शोध घेणारा एक रसायनज्ञ होता. अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट असे हे काम दोन टप्प्यांत चालते, हे त्याने दाखवून दिले. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच, कारण तो पहिल्या वॉरिंग्टनचा मुलगा. बापाने सोनमाशांच्या पात्रात जो प्रश्न अर्धवट सोडला त्याचे उत्तर मुलाला गव्हाच्या शेतातील मातीत मिळावे, यासारखा योगायोग विज्ञानाच्या दफ्तरात फारसा आढळणार नाही. त्या जीवाणूंना वेगळे काढून ओळख पटविण्याचे यश मात्र त्याला लाभले नाही. ते १८९० मध्ये विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने मिळविले.

आता आमच्या पाटकऱ्यांच्या शब्दाकडे वळू. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पुरंदर, बारामती आणि इंदापूर हे अवर्षणाचे तालुके, आणि १८७६–७७ च्या भीषण दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. त्यामुळे पाट येताच कुणब्याने पाणी हातचे न राखता दिले, यात त्याला दोष देण्याजोगे काही नाही. ज्याने जन्मभर पावसाची वाट पाहिली त्याला ‘पुरे’ हा शब्द कोण शिकविणार? ऊस आला, पैसा आला, रात्रंदिवस दारे धरली गेली; आणि काही वर्षांतच खोल काळ्या जमिनींतून पाणी उपळू लागले. भूगर्भातील पाण्याची पातळी वर चढली, तिच्याबरोबर क्षार वर आले, ऊन लागताच पाणी उडून गेले आणि पांढरे फूल मातीवर उमटले. चोपण, खारवट, पाणथळ हे शब्द नीरेच्या खोऱ्यात त्यानंतर सारा आणि पाणीपट्टी या शब्दांइतकेच रोजच्या वापरातले झाले. जमीन तहानेने मेली नाही, पाजून मेली.

या दुखण्यावर दोन औषधे निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेले अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी कालव्याच्या पाण्यासाठी ‘ब्लॉक’ पद्धत घातली. तिचा आशय असा की, पाणी एकाच ठिकाणी न मुरविता ते गावोगावच्या ठरावीक गटांत वाटून द्यावे आणि गटाच्या थोड्याच भागात ऊस ठेवून उरलेल्यात हलकी पिके फिरती घ्यावीत. हे झाले पथ्य. दुसरे औषध शस्त्रक्रियेचे. बिघडलेल्या जमिनीत खोल चर खणून साचलेले क्षारयुक्त पाणी ओढ्यापर्यंत काढून द्यावयाचे, आणि मुंबई सरकारच्या पाटबंधारे खात्याने पुढील काळात बारामतीच्या परिसरात या निचऱ्याचा पद्धतशीर अभ्यास केला. कालव्याला पाणी पुरविणारे भाटघरचे मोठे धरण १९२८ मध्ये पुरे झाले. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या शिवारात साखर कारखाना उभा केला आणि गावाच्या कुशीत वालचंदनगर वसले. ऊस वाढला, तसे चरांचे महत्त्वही वाढले. या मुलखातील जाणता शेतकरी नवी जमीन घेताना आधी पाणी येते कोठून हे विचारीत नाही, ते जाते कोठून हे विचारतो.

माशांची पेटी आमच्याकडे आली ती पुष्कळ उशिरा आणि मुंबईमार्गे. २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, आणि मुंबई पाहण्यास जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या कार्यक्रमात राणीच्या बागेबरोबर त्याचीही भर पडली. खेड्यात त्याआधीही मासा पाण्याच्या भांड्यात होता, पण तो शोभेसाठी नव्हता. हिवतापाच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खात्याचे सेवक हौदांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडीत, आजही सोडतात. त्या गप्पीला कोणी चिमूटभरही घालीत नाही. डासांच्या अळ्या खाऊन तो वर्षानुवर्षे सुखाने राहतो आणि त्याचा वंश वाढतो. तोच गप्पी बैठकीच्या खोलीत आला की अजीर्णाने मरतो, कारण तेथे त्याला दिवसातून चार वेळा प्रेमाने विचारणारे असतात.

आमच्या पेटीची सफाई मी पाटकऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे, म्हणजे निचऱ्याच्या तत्त्वाने केली. प्रथम वर तरंगणारे खाद्य जाळीने उचलले. मग तळाच्या खड्यांत रुतलेला लगदा रबरी नळीने ओढून बादलीत घेतला, आणि त्या नळीला तोंड लावून पाणी ओढताना त्यातला एक घोट माझ्याही वाट्याला आला, ज्याची चव वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. घरातील मंडळींचा आग्रह असा की, सगळे पाणी ओतून द्यावे, खडे, स्पंज, काच सर्व गरम पाण्याने घासून लख्ख करावे. घागर, हांडा, माठ यांच्या बाबतीत आपली हीच रीत आहे आणि ती योग्यही आहे. परंतु श्लोझिंग आणि म्युंट्झ यांच्या नळीतील ते वीस दिवस मला आठवत होते. जे जीवाणू अमोनियाचा निकाल लावतात ते पाण्यात फारसे नसतात, खड्यांवर आणि गाळणीच्या स्पंजावर त्यांची वस्ती असते. ते धुऊन टाकले तर नवी वस्ती उभी राहण्यास आठवडे लागतात आणि स्वच्छ काचेत मासे मरतात. म्हणून पाणी एक-तृतीयांशच काढले, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळला आणि नळाचे पाणी जंतुनाशक औषधाचा अंश उडून जावा म्हणून रात्रभर उघड्या पिंपात ठेवून मग घातले. आमच्या काळ्या मुलखातील पाणी जड आणि क्षारधर्मी, आणि अशा पाण्यात, त्यातून वैशाखाच्या उष्णतेत, अमोनियाचे विष अधिक चढते, तेव्हा दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीही तेवढेच पाणी बदलले. हवेचा लहान पंप अखंड चालू ठेवला. खाद्य तीन दिवस बंद. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड गेला, कारण मासे काचेपाशी येऊन तोंड हलवीत आणि नात माझ्याकडे एखाद्या निर्दय सावकाराकडे पाहावे तशी पाही.

दोन मासे गेले. बाकीचे राहिले. चौथ्या दिवशी पाण्याचा पांढुरकेपणा ओसरून तळाचे खडे दिसू लागले, तेव्हा पाटकरी पुन्हा आले आणि ओट्यावर बसून बोलता बोलता गोष्ट उजनीवर गेली. आमच्या तालुक्याच्या कडेला भीमेवर १९८० मध्ये पुरे झालेले ते ११७ टीएमसीचे धरण, ज्याच्या माशांवर भिगवणचा बाजार चालतो आणि ज्याच्यात चिलापी मासा आता इतर जातींना दाटी करून राहिला आहे, त्याला पुण्याच्या मुळा-मुठेतून वाहत येणारे सांडपाणी वर्षभर मिळत असते. उन्हाळ्यात त्याचा रंग हिरवा होतो, तो याच पोषणामुळे. ‘‘त्याचं पाणी एक-तृतीयांश बदलायचं म्हटलं तर?’’ असे पाटकऱ्यांनी विचारले आणि स्वतःच हसले.

पेटीतून काढलेले बादलीभर गढूळ पाणी मी परसातील कढीपत्त्याच्या मुळाशी ओतले होते. नातीने खाद्याच्या डब्याचे झाकण सुतळीने बांधून तो डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात, स्वतःचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, मला ठेवायला लावला आहे. आता रोज सकाळी ती स्टूल घेऊन येते.